विंडोज अपडेट कधी टाकायचं आणि रीस्टार्ट कधी मारायचा: घरच्या पीसीचं पुणेरी वेळापत्रक

विंडोजचं अपडेट तीन टप्प्यांत होतं. आधी ते डाउनलोड होतं, मग मागच्या मागे इन्स्टॉल होतं आणि शेवटी मशीन रीस्टार्ट झालं की काम पुरं होतं. पहिले दोन टप्पे चालू असताना आपलं काम सुरू ठेवायला काहीच हरकत नाही. फार तर लॅपटॉपचा पंखा जरा घरघरतो. शिव्या खातो तो तिसरा टप्पा. मुलाचा ऑनलाइन क्लास चालू आहे किंवा रिटर्न अर्धवट भरलेलं आहे आणि तेवढ्यात 'संगणक बंद करू नका' असं सांगणारा पडदा समोर येतो. मग भाच्याला फोन जातो. भाचा एक तर अपडेट कायमचं बंद करून देतो, नाहीतर 'फॉरमॅट मारू या' म्हणतो. दोन्हींची गरज नसते. तिसऱ्या टप्प्याची वेळ आपण ठरवली की बहुतेक कटकट मिटते, आणि ती पुण्याच्या आठवड्याकडे बघून ठरवली तर आणखी बरं.

आधी कॅलेंडर बघा

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. वेळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सकाळी दहाची. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, अमेरिकेतल्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे पुण्यातल्या पीसीला ते दिसतं बुधवारी सकाळी.

बुधवारी दिवसभर काम असतं, रीस्टार्ट नको असतो. मग गुरुवार येतो. महापालिकेची पाणीपुरवठ्याची आणि महावितरणची विजेची देखभाल-दुरुस्तीची कामं पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळी नळ आणि दुपारी दिवे दोन्ही गेलेले असू शकतात. डेस्कटॉप अपडेटच्या मध्यात असताना वीज जाणं कुणालाच परवडणारं नाही. यूपीएस असला तरी घरगुती यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि ते कळतं नेमकं वीज गेल्यावरच. त्यामुळे गुरुवार सोडून द्यायचा.

माझ्या मते सगळ्यात सोयीचा मुहूर्त शनिवारी संध्याकाळचा. तोवर तीन-चार दिवस गेलेले असतात, अपडेटमध्येच काही खोट असेल तर जगभरात बोभाटा झालेला असतो. मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज रिलीज हेल्थ' नावाचं पान आहे, त्यावर माहीत असलेल्या अडचणींची यादी असते. ती शुक्रवारी एकदा नजरेखालून घालावी. शनिवारी काही बिघडलंच तर कॉम्प्युटरवाला अजून दुकानात असतो आणि निस्तरायला रविवार हातात राहतो.

कर सल्लागार, हिशेबनीस आणि छोट्या दुकानदारांनी आणखी एक गोष्ट बघावी. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान कुठेही पडतो आणि दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला असते. ऑगस्ट २०२६ मध्ये तर दुसरा मंगळवार नेमका ११ लाच आहे. अशा महिन्यांत आदल्या सोमवारीच अपडेट एक आठवडा पॉज करून ठेवा. डिजिटल सहीचं टोकन लावायचं त्या दिवशी मशीनने कसलंच नवं खूळ काढायला नको. जीएसटीआर-३बी ची २० तारीख सहसा अडचणीत येत नाही.

चौथ्या आठवड्यात 'प्रिव्ह्यू' म्हणून आणखी एक ऐच्छिक अपडेट येतं. ते घेऊ नका. त्यात जे असतं ते पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतंच, आणि चाचणी करायची हौस दुसऱ्यांना भागवू द्या.

मग बंदच का ठेवू नये?

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आठवतं? १२ मे २०१७ रोजी ते जगभर पसरलं, इंग्लंडमधली रुग्णालयं ठप्प झाली. ज्या भोकातून ते घुसलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. बळी गेली ती दोन महिन्यांत अपडेट न टाकलेली किंवा अपडेट मिळणंच बंद झालेली मशीनं. उलट बाजूचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. ते विंडोज अपडेट नव्हतं, पण आलं त्या मिनिटाला सगळीकडे बसलं की काय होतं ते तेव्हा दिसलं. तीन-चार दिवस थांबायला हरकत नाही. दोन महिने थांबू नका.

पहिलं काम: मशीन कोणतं आहे ते पाहा

विंडोजची की आणि आय एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडतील. सिस्टीममध्ये अगदी खाली 'अबाउट' आहे. तिथे विंडोज १० आहे की ११, होम आहे की प्रो, आणि आवृत्ती कोणती ते लिहिलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

विंडोज १० निघालं तर जरा थांबा. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यावर २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणीचा दुवा दिसतो. नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेट्स मिळतात. तीस डॉलर भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे हजार पॉइंट द्या, किंवा पीसीची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक करा आणि फुकट घ्या. आपल्याकडचे बहुतेक जण तिसराच रस्ता धरतात, त्यात काही वाईट नाही. मशीन विंडोज ११ ला चालेल का ते 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्याच ॲपने तपासता येतं. ढोबळ हिशेब असा, की इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी. कधी कधी टीपीएम असतं, पण बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं. नवा पीसी घेण्याआधी तेवढं बघून घ्या.

घरच्या खासगी पीसीवर विंडोज अपडेटच्या पानात 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाची ओळ दिसली तर दाल में कुछ काला है. असेंबल करून देताना कुणीतरी धोरण बदलून अपडेट बंद केलेलं असतं, आणि पुष्कळदा आतलं विंडोजही क्रॅक केलेलं असतं. अशा मशीनवर वेळापत्रक बसवण्यात अर्थ नाही. आधी रीतसर लायसन्स घेऊन विंडोज नव्याने टाकून घ्या. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र तीच ओळ असणं साहजिक आहे. तिथलं वेळापत्रक कंपनीचा आयटी विभाग ठरवतो, तुम्ही हात लावू नका.

रिकव्हरी की: हे आज करा

अपडेटच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण अपडेटनंतर 'माझा सगळा डेटा गेला' म्हणून जे फोन येतात त्यांतले बरेचसे याच कारणाने येतात.

अलीकडच्या लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीवरही, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. एरवी ते जाणवतही नाही. बायोसचं अपडेट आलं किंवा सिक्युअर बूटमध्ये काही बदल झाला, की कधी कधी मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागते. ती नसेल तर तो डेटा दुकानदार काढू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही काढू शकत नाही.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलच्या ब्राउझरमधून त्याच खात्यात शिरा, 'डिव्हायसेस'मध्ये जा, लॅपटॉपचं नाव शोधा आणि बिटलॉकर की उघडा. ४८ आकडे कागदावर छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह केलेल्या कीचा उपयोग शून्य. आणि लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यात गेलेली असू शकते. तो लॅपटॉप आधी आपल्या खात्यावर आणा.

जोडीला दोन बारक्या गोष्टी. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी जागा मोकळी ठेवा; कमी असेल तर सिस्टीम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने साफ करा, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'वर खूण असेल तर ती आधी काढा. आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाल्यावर डिस्क काढून ठेवायची, कायम लावून ठेवायची नाही.

सेटिंग्ज बसवू या

सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली विंडोज अपडेट आहे. पानावर 'गेट द लेटेस्ट अपडेट्स ॲज सून ॲज दे आर अव्हेलेबल' असं एक बटण दिसेल. ते बंद ठेवा. सुरक्षा अपडेट्स त्याने थांबत नाहीत. फक्त नवलाईच्या गोष्टी आधी घ्यायची रांग आपण सोडतो.

आता 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा.

'नोटिफाय मी व्हेन अ रीस्टार्ट इज रिक्वायर्ड' चालू करा. रीस्टार्ट आ वासून उभा आहे हे आधी कळावं म्हणून.

'रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स' चालू.

'गेट मी अप टु डेट' बंद. हे चालू असेल तर विंडोज शक्य तितक्या लवकर, ॲक्टिव्ह अवर्समध्येसुद्धा, रीस्टार्ट मारतं. अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

'ॲक्टिव्ह अवर्स' मॅन्युअल करा. या वेळेत विंडोज स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, तर सगळे वापरा: सकाळी ७ ते रात्री १. आपोआप ठरवू दिलं तर विंडोज तुमच्या सवयीवरून अंदाज बांधतं, आणि घरात एकाच पीसीवर आजोबा पहाटे आणि नात मध्यरात्री बसत असेल तर तो अंदाज चुकणारच.

'डाउनलोड ओव्हर मीटर्ड कनेक्शन्स' बंद ठेवा. सदाशिव पेठ-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्या मुलामुलींनी तर नक्कीच. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक एका अपडेटमध्ये उडू शकतो, आणि मग दुपारनंतर व्हिडिओ लेक्चर फिरत्या गोलावर अडकतं. पण नुसतं हे बटण बंद ठेवून भागत नाही. आपला हॉटस्पॉट मीटर्ड, म्हणजे मोजका डेटा असलेला, आहे हे विंडोजला सांगावं लागतं: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, त्या जोडणीच्या प्रॉपर्टीज, आणि तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू. मग आठवड्यातून एकदा रूमवरच्या किंवा घरच्या वायफायवर बसून अपडेट उतरवून घ्या, नाहीतर ते कधीच यायचं नाही.

घरात तीन-चार पीसी असतील तर त्याच पानावरच्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये फक्त स्थानिक नेटवर्कवरच्या मशीनची परवानगी द्या. एका पीसीने उतरवलेलं अपडेट दुसरा त्याच्याकडून घेतो.

शनिवारचा रीस्टार्ट

अपडेट इन्स्टॉल होऊन रीस्टार्टसाठी थांबलं की विंडोज अपडेटच्या पानावर 'शेड्यूल द रीस्टार्ट' असा पर्याय येतो. दिवस शनिवार, वेळ तुम्हाला सोयीची. किंवा सरळ शनिवारी संध्याकाळी फाइली सेव्ह करा, चार्जर लावा आणि पॉवर मेनूतून 'अपडेट अँड रीस्टार्ट' दाबा. मला हाताने करणंच पसंत आहे. रात्री मशीन बंद करून ठेवणाऱ्या घरात आपोआपचं वेळापत्रक चालणार तरी कसं?

'पण मी रोज शट डाउन करते की!' हे हमखास ऐकू येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर टिचकी मारा आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद होणाऱ्या पीसीवर तिथे पंधरा-वीस दिवस दिसले तर दचकू नका. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उठतो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो.

विंडोज प्रो असेल तर अधिक नेमकं करता येतं. स्टार्टमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर शोधा. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, विंडोज अपडेट असं आत गेलं की 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' हे धोरण आहे. ते चालू करून चौथा पर्याय निवडा. तिथे इन्स्टॉलचा वार आणि तास देता येतो. मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलायचं धोरणही जवळच आहे, त्यात ४ दिवस घातले की शनिवार बरोबर साधतो.

नुसतं विंडोज नाही

क्रोमचं अपडेट आपोआप उतरतं, पण ब्राउझर बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही. चाळीस टॅब उघडे ठेवून महिना काढणाऱ्यांनी तीन ठिपके, हेल्प, अबाउट या वाटेने जाऊन रीलाँच करावं. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. आरएआर फाइली उघडणाऱ्या विनरारला आपोआप अपडेट होण्याची सोयच नाही, आणि २०२३ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये त्यातल्या गंभीर त्रुटी हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापरल्या. दहा वर्षांपूर्वीचं विनरार अजून पीसीवर असेल तर ते काढून नवं टाका. विंडोज ११ आता स्वतःच आरएआर फाइल उघडतं, त्यामुळे नाही टाकलं तरी चालेल.

ऐच्छिक यादीतले ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर) काही बिघडलं असेल तरच घ्या. प्रिंटर व्यवस्थित चालतोय ना, मग त्याला छेडू नका.

खऱ्या अपडेटची जागा सेटिंग्जमध्ये आहे, वेबसाइटवर नाही. ब्राउझरमध्ये पूर्ण पडदाभर अपडेटचं चित्र दाखवून 'विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा' असं सांगणारी पानं निघाली आहेत. तसं केलं की आपणच आपल्या हाताने व्हायरस चालवतो. घरातल्या ज्येष्ठांना एवढं एक नक्की सांगून ठेवा.

अडकलं तर

टक्के तीसवर थांबले म्हणून लगेच बटण दाबू नका. जुन्या हार्ड डिस्कवर तासभर सहज जातो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर थांबा. दोन-तीन तास काहीच हालचाल नसेल तरच पॉवरचं बटण दाबून धरा. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच बदल मागे घेतं आणि जुन्या स्थितीत सुरू होतं.

सुरू झालं पण काही बिघडलं, तर अपडेट हिस्टरीत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. शेवटचं काढा आणि एक आठवडा पॉज करा. सुरूच होत नसेल तर दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडल्यावर दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. कदाचित इथेच ते ४८ आकडे लागतील.

अपडेट पुन्हा पुन्हा फसत असेल तर सिस्टीम, रिकव्हरीमध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' हा पर्याय वापरा. फाइली, ॲप्स आणि सेटिंग्ज जागेवर ठेवून तो विंडोज नव्याने बसवतो. फॉरमॅट मारायला कुणी लॅपटॉप उचलण्याआधी हे झालंय का, ते विचारा.

बायोसच्या अपडेटला मात्र वेगळी शिस्त. मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलेलं असताना ते हाती घेऊ नका. लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा आणि डेस्कटॉपला चांगला यूपीएस.

डीटीपीवाल्यांसाठी

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि पेठांमध्ये अजून कितीतरी मशीनं युनिकोडपूर्व मराठी फाँटवर आणि यूएसबीला लावलेल्या हार्डवेअर लॉकवर चालतात. मासिक अपडेट त्यांना सहसा त्रास देत नाही. जपायचं ते वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या फीचर अपडेटपासून, आणि ते उगवतं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे ऐन दिवाळी अंकांच्या धामधुमीत. ते लगेच घ्यायची सक्ती नसते. होम आणि प्रो आवृत्तीला प्रकाशनापासून २४ महिने आधार असतो, त्यामुळे 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' न दाबता दिवाळीपर्यंत खुशाल थांबा. नंतर आधी एकाच मशीनवर टाका, लॉक ओळखला जातो का आणि जुन्या फाइली नीट छापल्या जातात का ते पाहा. लॉक ओळखलाच नाही तर विंडोज सिक्युरिटीतल्या डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी बघा. तिथे त्याचं नाव असेल तर सॉफ्टवेअरवाल्याकडून नवा ड्रायव्हर मागा. मोठं अपडेट मागे घ्यायला १० दिवस मिळतात, सिस्टीममधल्या रिकव्हरीतून 'गो बॅक' करून. तेवढ्या मुदतीत एक पूर्ण पुस्तिका त्या मशीनवर लावून, प्रेसला पाठवून, छापून आणा आणि मगच बाकीच्या मशीनना हात लावा.